टोपीवरची पिसं आणि हातातली दुर्बीण

आज मी तुम्हाला जरा जुन्या काळात नेणार आहे, आणि तेही सातासमुद्रापार. पण निघायचं मात्र आपल्याच ओसरीवरून.

आमच्या गावाखाली धरणाचं पाणी येऊन थांबतं. थंडीत तिथं चक्रवाक उतरतात, पट्टकादंब येतात, चित्रबलाक तर बाराही महिने दिसतात. ते बघायला शहराकडून गाड्या येऊ लागल्या, तसं आमच्या बचत गटानं चहा-पोहे, पिठलं-भाकरी करून द्यायला सुरुवात केली. मग एके दिवशी एका पाहुणीनं आमच्या थोरल्या काकूंना विचारलं, “मावशी, तो पलीकडचा पांढरा कुठला हो?” काकूंनी डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाल्या, “चालताना बघितल्याशिवाय नाही सांगता यायचं. तुझ्या गळ्यातलं दे जरा.” पाहुणीनं गळ्यातली दुर्बीण काढून दिली. काकूंनी ती डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, ह्याच्या पायाची बोटं पिवळी आहेत! जन्म गेला ह्या पाण्यावर, मला माहीतच नव्हतं.” तो छोटा बगळा होता. पाय काळे, बोटं पिवळी.

त्या दिवसापासून गटात विषय निघाला, आपली स्वतःची दुर्बीण घ्यायची. आणि घाईत आम्ही चूक केली. जत्रेतल्या एका पालातून आठशे रुपयांना एक घेतली. वरती मोठ्या अक्षरांत ‘३०×६०’ लिहिलेलं, भिंगं लालभडक, बघताच वाटावं काहीतरी भारी आहे. घरी आणून डोळ्याला लावली तर एका बगळ्याचे दोन बगळे, आणि दोन्ही हिरवट. पाच मिनिटांत कपाळ दुखायला लागलं. आठशे रुपये पाण्यात गेले ते गेले, वर घरच्यांची बोलणी. “बायकांना दुर्बीण कशाला? कुणाच्या घरात बघायचंय?” हे वाक्य मला फार लागलं. म्हणून मी शोधत बसले की ही वस्तू आली कुठून, आणि बायकांच्या हातात कधी आली. जे सापडलं ते आज सांगते. बायकांच्या हातात ती सव्वाशे वर्षांच्याही आधीच आली होती, आणि पक्ष्यांसाठीच आली होती.

दुर्बिणीचा जन्म हॉलंडमधला, साल १६०८. हान्स लिपरहाय नावाचा चष्मे करणारा कारागीर होता. एका नळीच्या दोन टोकांना दोन भिंगं बसवली की लांबचं जवळ दिसतं, हे त्यानं सरकारदरबारी दाखवलं आणि त्यावर हक्क मागितला. दरबारातले लोक म्हणाले, एक डोळा मिटून बघावं लागतं, दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करून आण. त्यानं तशीही करून दिली. म्हणजे जोडदुर्बिणीची मागणी पहिल्या दिवसापासूनची. पुढच्याच वर्षी गॅलिलिओनं आपली दुर्बीण करून आकाशाकडे वळवली.

नंतरची दोनशे वर्षं मी पटकन ओलांडते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत घरांत एक छोटी जोडदुर्बीण आली, नाटकाला न्यायची. मागच्या खुर्चीवरून रंगमंचावरच्या नटीचा चेहरा दिसावा म्हणून. तिला म्हणायचे ऑपेरा ग्लास. शिंपल्याचं, हस्तिदंताचं काम केलेली, तळहातावर मावणारी, दागिन्यासारखी. लांबचं फक्त तिपटीनं जवळ दिसायचं, आणि दिसायचं तेही कवडशाएवढं. पण ती बायकांच्या हातात असायची, हे लक्षात ठेवा.

त्या काळात पक्ष्यांचा अभ्यास कसा व्हायचा? बंदुकीनं. पक्षी मारायचा, हातात घ्यायचा, पंख मोजायचे, कातडं भरून ठेवायचं. अभ्यासक म्हणजे बंदूकवाला पुरुष. बाकी कुणी झाडावरचा पक्षी नुसता बघून नाव सांगितलं तर त्यावर विश्वास कुणी ठेवत नसे. एका परीनं त्यांचंही बरोबर होतं. साध्या डोळ्यांना पक्षी नीट दिसतच नव्हता, आणि दुर्बिणी धड नव्हत्या.

आणि त्याच काळात बायकांच्या टोप्या आल्या. नुसती पिसं नाही बरं का. पंख, शेपट्या, कधी अख्खा वाळवलेला पक्षी टोपीवर शिवलेला. १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाचा पक्ष्यांचा नादी माणूस न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतून दोन दुपारी फिरला आणि त्यानं बायकांच्या टोप्या मोजल्या. ७०० टोप्या मोजल्या, त्यातल्या ५४२ टोप्यांवर पिसं होती. रानात जाऊन दिसावेत तितके पक्षी त्याला त्या रस्त्यावर दिसले, मेलेले.

सगळ्यात जास्त मागणी बगळ्याच्या पिसांना. आता हे तुम्हाला मी काय सांगावं, तुम्ही रोज बघता. विणीच्या दिवसांत बगळ्याच्या पाठीवर झालरीसारखी नाजूक लांब पिसं येतात. तेवढ्याच दिवसांत येतात. म्हणजे पिसं हवी असतील तर बगळा मारायचा तो घरट्यावरच, पिल्लं असतानाच. आई-बाप मारले की पिल्लं उन्हात उपाशी मरायची. एका वस्तीतले सगळे पक्षी दोन-तीन दिवसांत संपवायचे. वजनाला ही पिसं सोन्यापेक्षा महाग गेली. आपल्या हिंदुस्थानातूनही ती बोटीनं विलायतेला जायची. १९०२ साली इथल्या सरकारनं रानपक्ष्यांची पिसं आणि कातडी परदेशी पाठवायला बंदी घातली, तरी चोरून जातच राहिली.

गंमत म्हणा की दैव म्हणा, नाटकाला जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर मेलेला पक्षी असायचा आणि हातात ऑपेरा ग्लास. एका मुलीनं ती हातातली वस्तू उचलली आणि रानात नेली.

तिचं नाव फ्लॉरेन्स मेरियम. जन्म १८६३, न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यातल्या घरात. भाऊ मोठा प्राणिशास्त्रज्ञ, घरात जंगलाचंच बोलणं. ती स्मिथ कॉलेजात शिकायला गेली, ते मुलींचं कॉलेज. तिथं १८८६ साली तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं मिळून पक्ष्यांसाठी मुलींचं मंडळ काढलं. टोप्यांवर पिसं घालायची नाहीत, हा त्यांचा मुद्दा. पण ह्या मुलीची अक्कल बघा. तिनं नुसती भाषणं केली नाहीत, मुलींना पहाटे बाहेर नेलं. तिचा हिशोब साधा होता. जो पक्षी घरटं करताना बघितला, पिल्लाला किडा भरवताना बघितला, तो डोक्यावर घालून मिरवावासा वाटेल का? आपल्याकडेही हेच चालतं. दारूबंदीवर दहा भाषणं ऐकून जे होत नाही ते एका घरात जाऊन बघितल्यावर होतं.

१८८९ साली, सव्वीस वर्षांची असताना, तिनं एक पुस्तक काढलं. नावाचा अर्थच ‘ऑपेरा ग्लासमधून दिसलेले पक्षी’. अंगणातले, बागेतले, कुंपणावरचे पक्षी. आपल्याकडे चिमणी-बुलबुल-दयाळ तसे त्यांच्याकडचे. बंदुकीशिवाय पक्षी कसा ओळखायचा, हे सामान्य माणसाला समजेल असं सांगणारं हे अगदी सुरुवातीचं पुस्तक. तिचा सल्ला आजही जशाचा तसा लागू पडतो: रंगीत भडक कपडे नकोत, हळू चाला, एका जागी बसून राहा, वही जवळ ठेवा, आणि दुर्बीण न्या. महागडी हवी असं ती म्हणाली नाही. घरात आहे ती ऑपेरा ग्लास पुरे, ती नाटकाला नेता तशी बांधावर न्या. मैत्रिणींनो, मला ह्या बाईचं हेच आवडलं. तिनं नवीन काही विकत घ्या म्हटलं नाही, हातातल्या वस्तूची दिशा बदलली.

पुढे तिला क्षयासारखा आजार झाला, हवापालटासाठी पश्चिमेकडे जावं लागलं. तिथंही ती घोड्यावर बसून, हातात दुर्बीण घेऊन घरटी बघत फिरली. त्यावर तिनं १८९६ साली आणखी एक पुस्तक काढलं. पुरुषांच्या पक्षिशास्त्र संघटनेनं तिला १८८५ सालीच सहसभासद करून घेतलं होतं, पहिलीच बाई. पण पूर्ण मान मिळायला १९२९ साल उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं! आपल्या एखादीचं नाव सातबाऱ्यावर चढायला लागतो तेवढाच वेळ म्हणायचा.

तिच्याच वेळी दोन्हीकडच्या बायका उठल्या होत्या. इंग्लंडात १८८९ साली मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन हिनं पिसं न घालणाऱ्या बायकांचं मंडळ काढलं. लंडनच्या बाजूला एलायझा फिलिप्स आणि एटा लेमन ह्यांचं दुसरं. दोन्ही एकत्र झाली आणि आज ती तिथली पक्षीरक्षणाची सर्वांत मोठी संस्था आहे. अमेरिकेत बॉस्टनला १८९६ साली हॅरिएट हेमेन्वे हिनं बगळ्यांच्या कत्तलीची हकीकत वाचली, आणि आपली नात्यातली बहीण मिना हॉल हिला बोलावून गावातल्या प्रतिष्ठित घरांची यादी समोर घेऊन बसली. एकेकीला चहाला बोलवायचं आणि चहा पिता पिता पिसं सोडायचं वचन घ्यायचं. असं करत करत सुमारे ९०० बायका जोडल्या. हळदी-कुंकवाला बोलावून काम करून घ्यायची रीत आपलीच आहे असं मला वाटायचं! ह्या सगळ्या रेट्यातून कायदे आले. अमेरिकेत १९०० आणि १९१८ साली, इंग्लंडात १९२१ साली पिसांच्या आयातीवर बंदी.

आता दुर्बिणीकडे परत येते, कारण ऑपेरा ग्लासनं काम भागायचं, पण पुरायचं नाही. जरा लांबचा पक्षी आला की ती आंधळी. जास्त जवळ दाखवणारी भिंगं बसवली तर चित्र उलटं दिसायचं, आणि ते सुलटं करायला नळी हातभर लांब करावी लागायची. ह्यावर इटलीच्या इग्नाझिओ पोरो नावाच्या माणसानं १८५४ साली युक्ती काढली. काचेचे लोलक बसवायचे. उजेड त्यांच्यात इकडून तिकडे वळसे घेतो, चित्र सुलटं होतं आणि नळी आखूड राहते. पण त्या काळची काच तितकी निर्मळ नव्हती. चाळीस वर्षं ती युक्ती कागदावरच राहिल्यासारखी. जर्मनीच्या येना गावात चांगली काच तयार होऊ लागली, तेव्हा अर्न्स्ट आबे ह्या शास्त्रज्ञानं झाइस कारखान्यातून १८९४ साली लोलकाच्या दुर्बिणी बाजारात आणल्या. खांद्याला फुगीर, पुढची भिंगं एकमेकींपासून लांब, ती जुन्या घाटाची दुर्बीण म्हणजे पोरोच्या लोलकाची. हल्ली सरळ दोन नळ्यांसारखी दिसते तिच्यात लोलक दुसऱ्या पद्धतीनं बसवलेले असतात. दोन्ही चांगल्या. कमी पैशात बऱ्याचदा जुन्या घाटाचीच जास्त स्वच्छ दाखवते, फक्त ती जड असते आणि पावसात जपावी लागते.

पहिल्या महायुद्धात जर्मन काच बंद झाली आणि सगळ्यांची तारांबळ उडाली. अमेरिकेच्या नौदलानं लोकांना आवाहन केलं की घरातल्या दुर्बिणी बोटींसाठी द्या. कायद्यानं फुकट घेता येत नव्हतं, म्हणून एकेका दुर्बिणीला एक डॉलर भाडं ठरलं. हजारो लोकांनी दिल्या. भिंगांवर पातळ लेप चढवला की उजेड वाया जात नाही, हा शोध झाइसच्याच स्माकुला ह्यांनी १९३५ साली लावला. तो लेप आज प्रत्येक चांगल्या दुर्बिणीवर असतो. तिरपी धरली की निळसर-जांभळी-हिरवी झाक दिसते तो. आमच्या जत्रेतल्या दुर्बिणीचा लाल रंग म्हणजे त्याचं सोंग. लाल उजेड बाहेर परतवला जातो, म्हणून आतलं सगळं हिरवट दिसतं.

आपल्या देशातही बंदुकीकडून दुर्बिणीकडे असाच प्रवास झाला. सलीम अली लहानपणी बंदुकीनं एक पिवळ्या गळ्याची चिमणी मारून बसले आणि तिचं नाव विचारायला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथून त्यांचा प्रवास सुरू झाला. पण त्यांचं जे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते आपल्या रायगड जिल्ह्यात किहीमला १९३० साली झालं. सुगरणीच्या घरट्यांजवळ ते दिवसच्या दिवस नुसते बसून राहिले. सुगरण नाव असलं तरी घरटं नर विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि मग तो पठ्ठ्या शेजारी दुसरं विणायला घेतो, दुसरीसाठी! हे मारलेल्या पक्ष्यावरून कधी कळलं असतं का? बायकांमध्ये जमाल आरा ह्यांचं नाव घ्यायला हवं. बिहार-झारखंडच्या जंगलांत त्यांनी वर्षानुवर्षं पक्षी बघितले आणि लिहिले. मुलांसाठी त्यांचं पक्षीनिरीक्षणाचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं १९७० साली काढलं. आणि आजच्या काळात आसामात डॉ. पूर्णिमा देवी बर्मन ह्यांच्याबरोबर खेड्यातल्या हजारो बायका हरगिला नावाचा मोठा करकोचा राखतात. लोक त्याला घाणेरडा, अपशकुनी म्हणून त्याचं झाड तोडायचे. ह्या बायकांनी त्याचं डोहाळजेवण केलं, त्याची नक्षी मागावर विणली. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन आणि पक्षी दाखवतात. म्हणजे “बायकांना दुर्बीण कशाला” ह्याला उत्तर आहे, आणि ते मी घरी दिलं.

आता आम्ही दुसऱ्यांदा काय केलं ते सांगते. गटात दोन तट पडले. एक म्हणे, स्वस्तातल्या चार घेऊ, चौघींच्या गळ्यात राहतील. दुसरा म्हणे, एकच घेऊ पण धड घेऊ. मी दुसऱ्या तटात होते. भांडण झालं, खोटं सांगत नाही. शेवटी तालुक्याला दुकानात पाचजणी गेलो आणि दुकानदाराला सांगितलं, आम्ही रस्त्यावर उभं राहून बघणार, मगच पैसे.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. समजा ८×४२. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. आम्हाला वाटायचं पहिला आकडा जितका मोठा तितकं चांगलं. तिथंच फसलो होतो. पक्षी जितका मोठा दिसतो तितकाच आपल्या हाताचा कंपही मोठा दिसतो. बारा-पंधराच्या पुढे हातात धरून बघणं कठीणच. शिवाय दिसणारी जागा लहान होत जाते, बाभळीत शिंजीर उड्या मारत असेल तर तो सापडतच नाही. आता दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. बेचाळीस भागिले आठ, सव्वापाच. तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात येतो. हा ठिपका मोठा असला की पहाटे आणि तिन्हीसांजेलाही दिसतं, आणि पक्षी तर तेव्हाच हलतात. खिशात मावणारी ८×२५ घेतली तर ठिपका तीनच मिलिमीटरचा. दुपारी छान, पहाटे अंधूक. तरी शेतावर जाता-येता रोज जवळ ठेवायची असेल तर हलकीच बरी, कारण जड दुर्बीण खुंटीला राहते. पाण्यावरच्या लांबच्या बदकांसाठी १०×५० मागणारीही एक होती आमच्यात. तिचं चुकलं नव्हतं, पण ती किलोभर वजनाची गळ्यात घालून तासभर उभी राहिली आणि मग स्वतःच नको म्हणाली.

दुकानात असं तपासलं. हातभर लांब धरून उजेडाकडे बघितलं. मागच्या भिंगात ठिपका गोल दिसायला हवा, कडा कापल्यासारखा चौकोनी नको. मग समोरच्या विजेच्या तारेवर रोखली. एका तारेच्या दोन तारा दिसल्या की ठेवून द्यायची, आतले लोलक हललेले असतात, डोकं त्यानंच दुखतं. काकूंना चष्मा आहे, म्हणून डोळ्यापाशी असलेली रबराची वाटी आत दाबून चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का हे बघितलं. तीन दुर्बिणींमध्ये तो दिसला नाही, चौथीत दिसला. तीच घेतली, ८×४२.

वापरायची रीत एकदा बसली की बसते. आधी मधल्या बिजागरीवर दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतरावर आणायच्या, दोन वर्तुळांचं एकच व्हायला हवं. मग उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवून लांबची पाटी वाचायची. मग डावा मिटून, मधलं चाक न हलवता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करायची. त्या कडीची खूण वहीत लिहून ठेवा, प्रत्येकीची वेगळी असते. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर सोळाजणींच्या खुणा आहेत. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवायची नाही, मान खाली घालायची नाही. नजर तिथंच ठेवून दुर्बीण वर आणायची.

सूर्याकडे कधी रोखायची नाही, पोरांच्या हातात असताना तर डोळ्यांत तेल घालून बघा. भिंग पदरानं पुसायचं नाही. आपल्याला सवय असते, पण पदरावरची धूळ काचेवर ओरखडे काढते. आधी फुंकर, मग मऊ स्वच्छ सुती फडकं. पट्टा मंगळसूत्रात अडकतो, म्हणून आम्ही तो तिरका, खांद्यावरून घालतो. पावसाळ्यात काचेला आतून बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवायची, आणि अधूनमधून बाहेर काढून वारं द्यायचं.

राहिलं ते “कुणाच्या घरात बघायचंय” ह्याचं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या अंगणात कुणी दुर्बीण रोखली तर आपल्यालाही नाही आवडायचं. म्हणून आम्ही ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की वस्तीकडे तोंड करून, आणि नदीवर बायका धुण्याला असताना, दुर्बीण काढणार नाही. ते वहीतही लिहिलं. आणि मग सरपंचांच्या हातात दिली, टिटवी दाखवली. त्यांनी परत द्यायला अर्धा तास घेतला.

आता दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही बंधाऱ्यावर असतो. कुणी कुठला पक्षी बघितला ते काकू वहीत लिहून घेतात. त्यांना फार लिहिता येत नाही, म्हणून त्या पक्ष्याच्या पायाचं चित्र काढतात. बगळ्याच्या नावापुढे पिवळी बोटं आहेत.